थुंकीच्या तपासणीत गेलेले 24 हजार

आमच्या ह्यांनी जन्मात तंबाखूला हात लावला नाही. त्यामुळे शिमग्याच्या सुमारास मानेला उजवीकडे रतांब्याच्या बीएवढी गाठ लागली, तेव्हा कॅन्सर कुणाच्या मनातही आला नाही. दुखत तर मुळीच नव्हती.

गुहागरकडच्या आमच्या भागात मे महिन्यात एक शिबिर लागलं. पांढरा कोट घातलेल्या माणसाने गाठ चाचपली आणि म्हणाला, "एचपीव्ही नावाचा विषाणू. प्रकार 16. ह्यातून घशाचा कॅन्सर होतो." मग आवाज उतरवून, "मुखमैथुनातून येतो, वहिनी. उगाच बोभाटा नको. मोठ्या हॉस्पिटलात नको नको ते विचारतात." आम्ही दोघं खाली बघत बसलो. तिथेच त्याचं काम झालं.

कापसाची काडी गालातून फिरवायचे 2,500, आणि जोडीदारालाही लागतो म्हणून माझेही 2,500. रिपोर्ट फोनवर आले, दोघांचे पॉझिटिव्ह. विषाणू मुळासकट काढणाऱ्या काढ्याच्या सहा बाटल्या 19,000. आंब्याच्या पेट्यांचे आलेले पैसे तसेच तिकडे गेले. काढ्याला ज्येष्ठमधाचा वास होता, चव बरी होती.

गणपतीपर्यंत गाठ सुपारीएवढी झाली आणि गिळताना उजवा कान ठणकायला लागला. मुंबईहून आलेली भाची लॅबमध्ये काम करते. तिने दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. नमुना क्रमांक एकच, आणि माझ्या रिपोर्टवर 'पुरुष, वय 54'.

पुढे मुंबईला गळ्यात दुर्बीण घालून टॉन्सिलचा तुकडा काढला. कॅन्सर निघाला, आणि तो एचपीव्हीचाच. म्हणजे त्या लबाडाचं निम्मं खरं होतं, म्हणून तर फसलो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं: हा विषाणू कधी ना कधी बहुतेकांना लागतो आणि बहुतेकांच्या अंगातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्यांच्यात राहतो आणि कित्येक वर्षांनी टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी कॅन्सर होऊन उभा राहतो. तेव्हा कुणामुळे आला हे शोधत बसू नका. लाळेत विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर आहे असं नाही, नाही सापडला म्हणजे नाही असंही नाही. गाठीची तपासणी आणि तुकडाच लागतो. अंगातला विषाणू मारणारं औषध आजवर निघालेलं नाही. लस आहे, पुण्याच्या सीरमचीही आहे, पण ती लागण होण्याआधी घ्यायची. (आपल्याकडे गालाचा, जिभेचा कॅन्सर अजूनही मुख्यतः तंबाखू, मिश्री, सुपारीनेच होतो, हेही त्यांनी बजावलं.) एचपीव्हीचा कॅन्सर उपचारांना बरी दाद देतो, एवढाच दिलासा. पण आमचे चार महिने काढ्यात गेले.

सध्या ह्यांचे रेडिएशनचे शेक चालू आहेत. मऊ भात, तोही कसाबसा.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवलं, पोलिसांतही जाऊन आले. हवालदारांनी पावती मागितली. तोवर मी ती नीट वाचलीच नव्हती. त्यावर ना तपासणी, ना औषध. लिहिलंय, 'हर्बल पेय, 6 नग'.