जुन्या गाड्यांच्या कामासाठी छोटा लेथ: 7×14 यंत्राचा दीड वर्षाचा अनुभव

जुनी येझदी आणि एक मारुती 800 घरीच चालती ठेवायची, तर एखादा बुश (शाफ्टभोवती बसणारी धातूची नळी) किंवा स्पेसर (दोन भागांत अंतर राखणारे कडे) करून घेण्यासाठी मला दर वेळी कोल्हापूरच्या उद्यमनगरातील टर्नरकडे जाऊन थांबावे लागत असे, आणि मोठ्या कामांच्या गर्दीत माझ्या एका नगाला तो सर्वांत शेवटी हात घाले, यात त्याची काहीच चूक नव्हती. म्हणून दीड वर्षापूर्वी मी बाजारात 7×14 या नावाने मिळणारा चिनी बनावटीचा छोटा लेथ, म्हणजे धातूचा नग फिरवून तो टूलने कापणारे यंत्र, घेतला.

या नावातील 7 इंच, म्हणजे सुमारे 180 मिमी, हा बेडवर, म्हणजे यंत्राच्या तळाच्या पाटावर, फिरू शकणारा जास्तीत जास्त व्यास आहे आणि 14 इंच हे नगाला दोन टोकांनी आधार देणाऱ्या टोकदार सेंटरमधील अंतर आहे. खरेदीपूर्वी मात्र क्रॉस स्लाइडवरून (टूल नगाकडे आडवे सरकवणाऱ्या भागावरून) किती व्यास फिरतो हे अवश्य विचारावे, कारण लांब नग तिच्यावरूनच फिरते आणि तेथे जेमतेम 110 मिमीच्या आसपास जागा उरते. बुलेटचा 7 इंची ब्रेक ड्रम या यंत्रावर बसणार नाही. त्याचा आतला व्यासच 178 मिमी असल्याने बाहेरची कड बेडला लागेल. तळमजल्यावर पक्की जागा असणाऱ्याने राजकोट किंवा बटाला येथे बनणारे जड बिडाचे लेथ आधी पाहावेत, कारण धातू कापताना वजनाला पर्याय नाही. माझी खोली वरच्या मजल्यावर असल्याने दोघांना उचलता येईल असे, सुमारे 40 किलोचे यंत्र घेणे मला भाग होते.

पेटीतून काढलेले यंत्र लगेच चालवू नये. गंज लागू नये म्हणून फासलेले चिकट तेल मी रॉकेलने धुतले तेव्हा स्लाइडच्या खाचांत लोखंडाचा कीस सापडला, गिब (स्लाइडची ढिलाई काढणाऱ्या पट्ट्या) सैल होत्या, आणि विक्रेत्याने तपासून पाठवल्याचे सांगितले असूनही टेलस्टॉक (नगाच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) स्पिंडलच्या, म्हणजे नग फिरवणाऱ्या दांड्याच्या, रेषेत नव्हता. हे सारे सुधारण्यात दोन रविवार गेले. नग पकडणाऱ्या तीन जबड्यांच्या (जॉच्या) चकमध्ये डायल गेजवर, म्हणजे बारीक फरक दाखवणाऱ्या घड्याळी मापकावर, 0.08 मिमी फरक दिसतो, म्हणून बुशचा आतला आणि बाहेरचा व्यास मी एकाच पकडीत पुरा करतो. क्रॉस स्लाइडच्या डायलचा एक भाग 0.025 मिमीचा आहे आणि टूल तेवढे पुढे गेले की व्यास त्याच्या दुप्पट, 0.05 मिमीने कमी होतो. येझदीच्या स्विंग आर्मचा पहिला गनमेटलचा बुश याच हिशेबात चुकून वाया गेला.

मारुतीच्या स्टार्टरने या यंत्राची खरी किंमत मला कळली. कम्युटेटरवर, म्हणजे ज्यावर ब्रश घासून वीज पोचवतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, ब्रशने खोल चर पाडला होता. आर्मेचरचा (मोटरच्या फिरत्या भागाचा) शाफ्ट चार जॉच्या चकमध्ये तांब्याचा पत्रा घालून पकडला, दुसऱ्या टोकाला फिरता सेंटर दिला आणि बेअरिंगच्या जागेवर डायल गेज ठेवून तो मध्यावर आणला, कारण कम्युटेटर शाफ्टशी समकेंद्री नसेल तर ब्रश उडतात आणि ठिणग्या पडतात. हायस्पीड स्टीलचे टूल नीट पाजळून, चर जाईपर्यंतच बारीक कट घेतले. मग हॅकसॉचे पाते घासून पातळ केले आणि पट्ट्यांमधील अभ्रक सुमारे अर्धा मिलिमीटर खाली उतरवला. अभ्रक तांब्याइतका लवकर झिजत नाही आणि वर राहिला तर ब्रशला तांब्याला टेकू देत नाही. गाडी आता पहिल्याच किल्लीला सुरू होते.

पोलाद कापताना धीर हवा. 20 मिमीच्या मृदू पोलादाला हायस्पीड स्टीलच्या टूलने मिनिटाला सुमारे 400 फेरे योग्य ठरतात, आणि इतक्या कमी गतीला इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची मोटर जोर धरत नसल्याने गिअर खालच्या टप्प्यातच ठेवावा लागतो. पार्टिंग करताना, म्हणजे तयार नग कापून वेगळा करताना, टूल थरथरते. ते टूल धरणाऱ्या पोस्टमधून शक्य तितके कमी बाहेर काढल्यावर काम बरेच सुधारले. स्विच मात्र चांगला आहे: वीज जाऊन परत आली तरी चक आपोआप फिरू लागत नाही, आणि आमच्याकडे याचे मोल मोठे आहे.

चार जॉचा चक, डायल गेज, फिरता सेंटर आणि टूल यांवर यंत्राच्या किमतीच्या साधारण एक तृतीयांश रक्कम मला वेगळी खर्चावी लागली, आणि यांतले एकही साधन मला टाळता आले नसते.