एलएलपी केल्यावर पूर्ण एक आर्थिक वर्ष : नागपुरातल्या मसाल्याच्या धंद्याचा अनुभव

आमचा सावजी मसाल्याचा छोटा धंदा आहे. मिरची भिवापूरची, खडा मसाला इतवारीतून, कांडप हिंगणा रोडच्या शेडमध्ये आणि गिऱ्हाईक म्हणजे भोजनालयं आणि किराणा दुकानं. आधी सगळं माझ्या एकट्याच्या नावावर होतं. मावसभाऊ पैसे घेऊन पूर्ण वेळ आला, तेव्हा साधी भागीदारी, प्रायव्हेट लिमिटेड की एलएलपी (लिमिटेड लायबिलिटी पार्टनरशिप, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी) हा प्रश्न उभा राहिला. आम्ही एलएलपी केली. पूर्ण एक आर्थिक वर्ष त्यात काढल्यावर सांगतो, निर्णय बरोबर होता. पण लोक ज्या मर्यादित जबाबदारीसाठी, म्हणजे धंद्याचं देणं भागीदाराच्या घरापर्यंत येऊ नये म्हणून, एलएलपी करतात, ती माझ्या हिशोबात आता दुसऱ्या नंबरवर आहे. पहिल्या नंबरवर आहे भागीदारांमधला करारनामा.

साधी भागीदारी का नको, ते इतवारीत उधारीवर माल उचलणाऱ्याला वेगळं सांगायला नको. 1932 च्या भागीदारी कायद्यात फर्मचं देणं फिटलं नाही तर भागीदाराच्या घरादारापर्यंत येतं, आणि ते देणं दुसऱ्या भागीदाराने केलेलं असलं तरीही. प्रायव्हेट लिमिटेडला उलाढाल कितीही असो, ऑडिट सक्तीचं. एलएलपीला 2008 च्या कायद्याखालचं ऑडिट उलाढाल 40 लाखांच्या किंवा भागीदारांचं भांडवल 25 लाखांच्या वर गेलं तरच लागतं. आमच्या आकाराला हे बसत होतं.

नोंदणी सोपी आहे. दोघांच्या डिजिटल सह्या, नाव, पत्त्याचा पुरावा, मग फिलिप हा फॉर्म. अर्ज मानेसरच्या केंद्रात तपासला जातो, नागपूर सोडावं लागत नाही. पॅन आणि टॅन (टीडीएस कापण्यासाठी लागणारा क्रमांक) त्यातच मिळतात. भांडवल 1 ते 5 लाखांच्या दरम्यान असेल तर नोंदणीची सरकारी फी 2,000 रुपये. आम्ही 4 लाख दाखवलं. करारनाम्यावरचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात भांडवलाच्या 1 टक्का, म्हणजे 4,000. सीएची फी याहून वेगळी, आणि ती ज्याची त्याने ठरवावी.

आता करारनाम्याबद्दल, कारण खरा जीव इथेच आहे. नोंदणी झाल्यापासून 30 दिवसांत तो फॉर्म 3 सोबत भरायचा असतो. बरेच जण तयार मसुद्यात नावं बदलून भरतात. तसं कृपा करून करू नका. करारात जे लिहिलेलं नसतं, तिथे कायद्याची पहिली अनुसूची लागू होते. तिच्यात नफा-तोटा सगळ्यांना सारखा, काम करणाऱ्या भागीदाराला वेगळा मोबदला नाही आणि बहुमताच्या जोरावर कुणाला काढता येत नाही. आमच्यात भांडवल त्याचं जास्त, कांडप आणि विक्री माझ्याकडे. सारखा वाटा दोघांनाही मान्य नव्हता. म्हणून टेबलावर बसून एकेक कलम बोललो. कुणाला महिन्याला किती मोबदला, भांडवलावर व्याज किती, मसाल्याची कृती कुणाच्या मालकीची, एक जण बाहेर पडला तर किंमत कशी ठरवायची. नात्यात हे विषय एरवी कुणी तोंडावर काढत नाही. कायद्याची मुदत डोक्यावर होती म्हणून ते निघाले, आणि तेव्हापासून आमच्यात पैशावरून एकदाही आवाज चढलेला नाही.

एक कलम दोनच भागीदार असणाऱ्या प्रत्येकाने लिहावंच. भागीदाराच्या मृत्यूने एलएलपी बंद पडत नाही. पण भागीदार दोनाच्या खाली गेले आणि तसंच सहा महिन्यांपेक्षा जास्त काम चालू ठेवलं, तर त्यापुढच्या देण्याला उरलेला माणूस स्वतः जबाबदार धरला जातो. आमच्या करारात घरातल्या कुणी, किती मुदतीत आत यायचं हे नावानिशी आहे. वहिनीला आणि माझ्या बायकोला ते वाचून दाखवलं.

मर्यादित जबाबदारी खरी आहे. मालाची उधारी एलएलपीच्या नावावर असते आणि बिलावर मर्यादित जबाबदारीची संस्था असल्याचा उल्लेख, नोंदणी क्रमांकासह, लागतो. व्यापाऱ्याला ठाऊक असतं तो कुणाशी व्यवहार करतोय. पण बँकेने कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याच्या खेळत्या भांडवलासाठीचं कर्ज, देताना दोघांची वैयक्तिक हमी घेतली. तेवढ्या कर्जापुरती भिंत उरत नाही. आयकराची थकबाकी एलएलपीकडून वसूल झाली नाही तर भागीदाराकडे येऊ शकते, आपला गंभीर हलगर्जीपणा नव्हता हे त्याने सिद्ध केलं तरच सुटका. फसवणुकीच्या हेतूने केलेल्या व्यवहारात तर मर्यादाच नाही. हे समजून केलं तर एलएलपी उत्तम आहे. घर कायमचं सुरक्षित झालं असं समजून करू नये.

सगळ्यात जास्त काम गेलं ते जुन्या धंद्यातून नव्यात येताना. एकट्याच्या मालकीच्या धंद्याचं एलएलपीत रूपांतर करणारा फॉर्म नाही, धंदा कराराने एलएलपीकडे द्यावा लागतो. पॅन बदलला की जीएसटी क्रमांक बदलतो, कारण त्यात सुरुवातीच्या 27 या महाराष्ट्राच्या आकड्यानंतरची दहा अक्षरं पॅनचीच असतात. शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-02 या फॉर्मने, सीएच्या दाखल्यासह, पुढे नेलं. फूड लायसन्स आणि उद्यम नोंदणीही नव्याने. मसाल्याच्या पाकिटावर लायसन्सचा 14 आकडी क्रमांक छापायचा असतो, म्हणून नवा क्रमांक हातात येईपर्यंत पाकिटांचे रोल थोडेच मागवले. मिरचीचा हंगाम डोळ्यापुढे ठेवून हा बदल करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये, आवक जोरात असताना, चालू खातं अर्धवट असणं परवडत नाही.

करात डोळे उघडे ठेवायला हवेत. नफ्यावर सरसकट 30 टक्के, वर 4 टक्के सेस, म्हणजे 31.2. लहान धंद्यांची अंदाजित नफ्यावर कर भरण्याची सवलत एलएलपीला नाही, साध्या भागीदारीला आहे. करारात लिहिलेला मोबदला ठरलेल्या मर्यादेत वजा होतो, भांडवलावर 12 टक्क्यांपर्यंत व्याजही. उरलेल्या नफ्यातला वाटा भागीदाराच्या हातात करमुक्त. 1 एप्रिल 2025 पासून भागीदाराचा मोबदला आणि व्याज वर्षात 20,000 च्या वर गेलं की एलएलपीने 10 टक्के टीडीएस कापायचा.

वर्षाचे फॉर्म दोन. 11 नंबरचा 30 मेपर्यंत, 8 नंबरचा 30 ऑक्टोबरपर्यंत. उलाढाल शून्य असली तरी भरावेच लागतात आणि उशीर वाढेल तसा दंड वाढतो. नाव अडवून ठेवायला एलएलपी काढून विसरणाऱ्यांना हेच महागात पडतं.

एकट्याचा धंदा असेल तर हे तुमच्यासाठी नाही, दोन भागीदार लागतातच. पुढे बाहेरचा गुंतवणूकदार घ्यायचा असेल तर प्रायव्हेट लिमिटेडच बघा, कारण इथे शेअर देता येत नाहीत. पण भाऊ-भाऊ, मित्र-मित्र किंवा नणंद-भावजय मिळून उधारीवर चालणारा धंदा उभा करत असाल, तर माझं मत एलएलपीच्या बाजूने आहे. फॉर्म भरायला सीए आहे. करारनाम्यासाठी मात्र दोघांनी आधी स्वतः बसा, आणि ठरलेलं लिहून मगच सीएकडे जा.