ऑटिझमची जनुकीय तपासणी: अहवालापेक्षा समुपदेशन सरस

मुलाला ऑटिझम असल्याचे निदान झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही एका खासगी प्रयोगशाळेतून गुणसूत्रांची मायक्रोअ‍ॅरे चाचणी (गुणसूत्रांचे तुकडे कमी-जास्त आहेत का हे पाहणारी) आणि एक्झोम सिक्वेन्सिंग (जनुकांमधील प्रथिने घडवणाऱ्या भागाचे वाचन) करून घेतले. अहवालात ऑटिझमशी संबंधित शँक३ या जनुकातील एका बदलापुढे ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा होता आणि त्या दोन शब्दांनी आमची झोप उडवली. जनुकीय समुपदेशक बाईंनी मात्र कोऱ्या कागदावर पेन्सिलीने आमची वंशावळ काढली, आम्हा दोघांचे रक्त तपासायला लावले आणि तोच बदल मुलाच्या वडिलांमध्येही सापडल्यावर, त्याला फारसे महत्त्व देऊ नये, हे शांतपणे समजावले. या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग हाच.

तक्रार एकच, पण मोठी. ‘संपूर्ण तपासणी’ म्हणून विकलेल्या या पॅकेजमध्ये ऑटिझमशी संबंधित फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकाराची चाचणी नव्हतीच. त्या विकारात एफएमआर१ जनुकातील सीजीजी या डीएनएच्या तीन अक्षरांची पुनरावृत्ती २०० च्या वर जाते आणि नेहमीच्या एक्झोम चाचणीत ती नीट मोजता येत नाही. हे आधी सांगायला हवे होते.

२०२० मधील एका मोठ्या अभ्यासात ऑटिझमशी संबंधित १०२ जनुके नोंदवली गेली. तरीही बहुतेकांच्या बाबतीत असंख्य सौम्य बदलांचा एकत्रित परिणाम असतो, त्यामुळे अहवाल कोरा आला म्हणजे कारण आनुवंशिक नाही, असे ठरत नाही. पुढे नव्या माहितीच्या आधारे फेरविश्लेषण करता यावे म्हणून मूळ डेटा आवर्जून मागून घ्यावा. आम्हाला तो दोनदा मागावा लागला.