टॅली की झोहो बुक्स: गोव्यातल्या छोट्या धंद्याने काय बघावं

म्हापशातलं हार्डवेअरचं दुकान, मोरजीतलं आठ खोल्यांचं गेस्ट हाऊस, कुंडई औद्योगिक वसाहतीतला पॅकिंगचा कारखाना. हिशोबाचं सॉफ्टवेअर घ्यायची वेळ आली की चर्चा फिरून फिरून दोन नावांवर येते. बाजारात बिझी, मार्ग, व्यापार हेही आहेत. औषधांच्या होलसेलवाल्यांना बॅच आणि एक्सपायरी सांभाळायची असते, त्यांनी मार्ग आधी बघावं आणि पुढचं वाचलं नाही तरी चालेल. बाकीच्यांसाठी टॅली की झोहो बुक्स, एवढाच प्रश्न.

विकणारा फीचरची यादी पुढे करतो. ती बाजूला ठेवा. जीएसटीचं बिल, ई-वे बिल, २बी जुळवणी (पुरवठादारांनी जीएसटी पोर्टलवर दाखवलेली बिलं आपल्या खरेदीशी ताडून बघणं), बँक स्टेटमेंट हे सगळं दोन्हीकडे आहे, आणि एकाने नवं काही आणलं तर दुसरा फार काळ मागे राहत नाही. कंपनी पैसे कशातून कमावते ते बघा. उद्या आपण कुठे अडकणार, हे त्यावरून कळतं.

टॅलीची सुरुवात १९८६ची, बंगळूरची. श्यामसुंदर गोएंकांना स्वतःच्या धंद्याला साजेसं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलाने, भरत गोएंकांनी, ते लिहिलं. धंद्याची रीत अजून तीच: लायसन्स एकदाच विकायचं, ते गावोगावच्या पार्टनरमार्फत विकायचं, आणि डेटा ग्राहकाच्याच कॉम्प्युटरवर राहू द्यायचा. पुढे दरवर्षी टीएसएस, म्हणजे टॅलीची वार्षिक वर्गणी, भरलं तर नव्या आवृत्त्या आणि ऑनलाइन सेवा मिळतात. नाही भरलं तर त्या थांबतात, पण आहे ते सॉफ्टवेअर चालत राहतं.

खरं सांगायचं तर टॅलीची ताकद कोडमध्ये कमी आणि लोकांच्या बोटांत जास्त आहे. फोंड्यात अकाउंटंट हवा म्हणून सांगून ठेवा, येणारा प्रत्येक जण आधी ‘टॅली येतं’ म्हणेल. एफ८ म्हणजे सेल्स, एफ९ म्हणजे परचेस, एफ५ म्हणजे पेमेंट, हे त्याला झोपेतही येतं. टॅलीच्या लायसन्सशिवायच्या शिकाऊ मोडमध्ये महिन्यातल्या १, २ आणि ३१ याच तारखांच्या नोंदी करता येतात, तरी पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्यावर शिकली. अशी फौज स्पर्धकाला जाहिरात करून उभी करता येत नाही. तुमचे सीएसुद्धा मार्चनंतर टॅलीचा बॅकअपच मागणार. झोहोला टॅलीकडून जे खरं आव्हान आहे ते हेच, स्क्रीन किती देखणी याचं नाही.

झोहोचा डाव वेगळा: सॉफ्टवेअर आणि डेटा इंटरनेटवर, आणि वापराचं भाडं भरत राहायचं. १९९६ मध्ये ॲडव्हेंटनेट म्हणून सुरू झालेली ही कंपनी २००९ मध्ये झोहो झाली, आणि बुक्स आलं २०११ मध्ये. बाहेरच्या गुंतवणूकदारांचा पैसा घेतला नाही, त्यामुळे भाव कमी ठेवून वाट बघणं तिला परवडतं. वर्षाला २५ लाखांच्या आत उलाढाल असेल तर भारतात बुक्सचा साधा प्लॅन फुकट मिळतो. हा दानधर्म नव्हे. बुक्स हे दार आहे. आत गेलात की इन्व्हेंटरी, पेरोल, सीआरएम (ग्राहकांच्या चौकश्यांची नोंद), आणि २०१७ पासून सगळं एकत्र बांधलेलं झोहो वन. सोय खरीच आहे: ग्राहकाची चौकशी, कोटेशन, बिल, पेमेंट एकाच ठिकाणी, तेही मोबाइलवर. पण चार ॲप एकमेकांत गुंतली की त्यातलं एकच सोडून बाहेर पडणं कठीण.

दोन्ही कंपन्या भारतातल्याच, त्यामुळे स्वदेशीचा मुद्दा इथे निकाली. मात्र क्विकबुक्सचं उदाहरण विसरू नका. इंट्युट ही मोठी अमेरिकन कंपनी, पण २०२३ मध्ये तिने भारतातलं क्विकबुक्स बंद केलं आणि ग्राहकांना डेटा उचलून दुसरीकडे जावं लागलं. टॅली आणि झोहोसाठी भारत ही घरचीच बाजारपेठ आहे. तरीही, कुठलंही घेतलंत तरी महिन्याकाठी आपला डेटा एक्सेलमध्ये उतरवून ठेवा.

आता पैसे. टॅलीचं एका कॉम्प्युटरचं सिल्व्हर लायसन्स सुमारे २२,५०० रुपये, पुढे वर्षाला टीएसएस ४,५००. पाच वर्षांचे ४०,५००. झोहो बुक्सचा स्टँडर्ड प्लॅन वर्षाचे एकदम भरले तर महिना सुमारे ७४९, म्हणजे पाच वर्षांचे ४५ हजारांच्या आसपास. घेण्याआधी दर तपासा, पण फरक एवढाच असेल तर दरावरून भांडण्यात अर्थ नाही. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी वेगळा. हार्डवेअरवाल्याला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो त्याच्या भरायच्या करातून वजा होतो. गेस्ट हाऊसवाल्याचं तसं नाही: २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, पण इनपुट क्रेडिट नाही. म्हणून त्याने किंमत करासकट धरावी.

बार अँड रेस्टॉरंट हे आपल्याकडचं खास प्रकरण. टेबलावरच्या बांगड्याच्या थाळीला जीएसटी, पण शेजारच्या फेणीच्या पेगला नाही. मद्य जीएसटीबाहेर आहे, त्यावर राज्याचा कर, व्हॅट. एकाच गिऱ्हाइकाची दोन करांची विक्री हिशोबात वेगळी पडायला हवी. टॅलीत व्हॅटचा भाग जीएसटीच्या आधीपासूनचा आहे, आणि गोव्यातल्या पार्टनरने असे बार आधी बसवून दिलेले असण्याची शक्यता जास्त. झोहोकडे जायचं असेल तर डेमोत सगळ्यांत आधी हेच बिल करून दाखवायला सांगा. मेन्यू कितीही छान दिसो, हे जमलं नाही तर उठून या.

वीज आणि नेट यांचाही विचार हवा. सत्तरीत किंवा काणकोणच्या आतल्या भागात पावसाळ्यात नेट गेलं तर ब्राउझरवरचं झोहो अडतं, टॅली इन्व्हर्टरवर चालतं. उलट तोच कॉम्प्युटर विजेच्या लोळाने जळला आणि बॅकअप पेनड्राइव्हवर नसेल तर टॅलीवाल्याचं सगळं वर्ष गेलं. झोहोवाला दुसऱ्या फोनवरून कामाला लागतो. टॅली क्लाउडवरही घेता येतं, पण त्याचं भाडं वेगळं.

माझं मत असं. हिशोब पगारी माणूस बघतो, माल रोज येतो-जातो, काउंटर एकच आहे: टॅली. बारसाठीही तेच. मालक स्वतःच मोबाइलवरून बिलं करतो, धंदा सेवेचा आहे, मुलगा पुण्यात बसून खाती बघतो: झोहो बुक्स, आणि त्यातही फक्त बुक्स, बाकीची ॲप वर्षभर तरी लांब ठेवा. कुंडईचा कारखाना टॅलीवर असेल तर हलू नये. उलाढाल ५ कोटींवर गेली की ई-इनव्हॉइस, म्हणजे दुसऱ्या धंद्याला दिलेलं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, सक्तीचं, तेही टॅलीतून होतं.

बदलायचंच ठरलं तर नवी खाती १ एप्रिलला उघडा, म्हणजे ओपनिंग बॅलन्सचा घोळ होत नाही. पण सराव त्याआधीच्या जुलै-ऑगस्टमध्ये करा. चवथीच्या आधी किनाऱ्यावरच्या खोल्या रिकाम्या असतात, अकाउंटंटला वेळ असतो आणि महिनाभराच्या नोंदी दोन्हीकडे करून आकडे ताडून बघता येतात.