‘डोंगरात सापडला’ म्हणून विकलेला स्फटिक: फसवणूक कशी होते आणि कशी ओळखायची

पावसाळा सरला की सह्याद्रीत ‘स्फटिक शोधायची सहल’ काढणारे भेटतात. माणशी पैसे घ्यायचे, डोंगर चढवायचा, एका कपारीशी नेऊन माती उकरायला लावायची. वीतभर खणलं की स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर बसलेला, कॅव्हन्साइट या निळ्याशार खनिजाचा गुच्छ हाती येतो. आनंदाच्या भरात माणूस घासाघीस करत नाही. ‘हा नग ठेवायचा असेल तर वेगळे पैसे’ म्हटलं की देऊन मोकळा होतो.

तो नग बहुतेक वेळा आदल्या दिवशी पुरलेला असतो. कॅव्हन्साइटचे देखणे नमुने जगाला मिळाले ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून. कुठल्याही घाटातल्या कपारीत तो निघाला, तर आधी शंका घ्यावी. दुसरं म्हणजे, उघड्यावरच्या पोकळीतले स्फटिक ऊनपावसाने मळकट, खडूसारखे होतात, त्यांच्या कडा झिजतात. काचेसारखे लखलखीत नमुने येतात ते सुरुंगाने नुकत्याच फुटलेल्या कातळातून किंवा विहिरीच्या खोदकामातून.

जागेवरच नमुना उलटा करून पाहा. खऱ्या नमुन्याच्या पाठीला नुकताच तुटलेला काळा पाषाण दिसतो आणि ती पाठ पोकळीच्या भिंतीत कुठेतरी बसते. पाठ करवतीने सपाट कापलेली असेल, भिंतीवर स्फटिकांची तुटकी मुळं नसतील, तर तो बाहेरून आणलेला आहे. स्फटिकाच्या सुयांमध्ये कापसाचे किंवा रद्दी कागदाचे धागे अडकलेत का, तेही बघा. खाणीतला माल त्यातच गुंडाळतात.

कधी नमुनाच जोडलेला असतो: सुटा निळा गुच्छ चांगल्या स्टिल्बाइटवर डिंकाने बसवलेला. दहापट भिंगाखाली सांधा तपासा. नैसर्गिक वाढीत दोन खनिजं एकमेकांत घुसलेली असतात. चिकटवलेल्यात मध्ये चकचकीत पट्टी, बुडबुडे किंवा दगडाची पूड दिसते. अंधारात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारला की पुष्कळ डिंक निळसर पांढरे उजळतात. कॅल्साइट हे खनिजही उजळू शकतं, म्हणून फक्त सांध्याच्या रेषेवरची चमक धरायची. कापसाच्या काडीने सांध्याला ॲसिटोन लावल्यास सुपरग्लू मऊ पडतो, पण इपॉक्सी हा डिंक सहज हलत नाही. तेव्हा ‘ॲसिटोनने सुटलं नाही, म्हणजे खरं’ असा निष्कर्ष काढू नका. ज्योत किंवा आम्ल मात्र लावूच नका. स्टिल्बाइट ज्या गटातला, त्या झिओलाइट खनिजांच्या रचनेतच पाणी असतं. तापवल्यावर स्फटिक धुरकट होतो, तडकतो.

ओकेनाइट या खनिजाचे गुलाबी, निळे, हिरवे गोळे तर सरळ रंगवलेले असतात. ओकेनाइट पांढराच असतो. रंगाच्या पाण्याने त्याच्या केसासारख्या सुया एकमेकींना चिकटून बसतात आणि खालच्या दगडावर डाग उरतो. तिथे स्पिरिटची काडी फिरवली की बऱ्याचदा रंग उतरतो. गोळ्याला हात लावू नका, धुऊही नका. खराही त्यानेच बिघडतो.

तुटलेला स्फटिक जोडून ‘जोडलेला आहे’ असं सांगून कमी किमतीत विकणारे प्रामाणिक व्यापारीही आहेत. त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

सगळ्यात वाईट फसवणूक मात्र परवान्याची. ‘सरकारी डोंगर आहे, कुणी विचारत नाही’ म्हणत हातात पावती देतात. डोंगर राखीव वन असेल, तर १९२७च्या भारतीय वन अधिनियमानुसार तिथला दगड आणि खनिजही वनोपज ठरतात, आणि कलम २६ खाली ते काढणं गुन्हा आहे. झडतीत पिशवी सापडते ती तुमच्याकडे. निघण्याआधी गट क्रमांक मागा आणि सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहा. गट क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली, तर जाऊ नका.

फसलाच असाल, तर नमुना साफ करू नका, सुटलेला तुकडा टाकू नका. सांध्याचे फोटो, पैसे दिल्याची नोंद आणि झालेलं बोलणं जपून ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार देताना तेच लागतं.