स्कॅनमध्ये न दिसलेल्या घड्या

रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या नावाने काढलेली पहिली नोट पाच रुपयांची होती. जानेवारी 1938 मध्ये चलनात आलेल्या या नोटेवर सहाव्या जॉर्जचे चित्र आणि गव्हर्नर सर जेम्स टेलर यांची सही आहे. ती चांगल्या अवस्थेत मिळावी अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. परराज्यातील एका विक्रेत्याने ती ‘यूएनसी’, म्हणजे अजिबात न वापरलेली, म्हणून विकायला काढली आणि दोन्ही बाजूंचे स्वच्छ, मोठे स्कॅन पाठवले. घडी आहे का, नोट धुतली किंवा दाबली आहे का, असे मी लेखी विचारले. त्यावर ‘एकही घडी नाही, नोट मूळ अवस्थेत आहे’ असे लेखी उत्तर आले, आणि त्या भरवशावर मी पूर्ण रक्कम यूपीआयने पाठवली.

पाकीट नागपुरात पोहोचल्यावर नोट हातात घेताच कागद लुळा लागला. खिडकीशी नेऊन ती जवळजवळ आडवी धरली, तेव्हा मधोमध एक उभी घडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन पुसट घड्या स्पष्ट उमटल्या. इतवारीतील एका जुन्या संग्राहकांना ती दाखवली. त्यांनी ती बोटांत हलकेच वाकवून पाहिली आणि म्हणाले, “भाऊ, ही धुऊन दाबलेली आहे, कागदाची खळ निघून गेली आहे.” मधली घडी ठळक आणि बाजूच्या दोन पुसट असलेली नोट फार तर ‘व्हीएफ’ (व्हेरी फाइन, म्हणजे बऱ्यापैकी हाताळलेली) ठरते. संग्राहकांच्या प्रचलित निकषांनुसार तिच्या वरच्या ‘ईएफ’ (एक्स्ट्रीमली फाइन, म्हणजे अगदी कमी हाताळलेली) दर्जाच्या नोटेवर जास्तीत जास्त तीन हलक्या घड्या किंवा एकच ठळक घडी चालते, तर ‘यूएनसी’वर एकही नाही. जुन्या नोटांच्या बाजारात ‘व्हीएफ’ आणि ‘यूएनसी’ यांच्यातील अंतरावर किंमत कित्येक पटींनी बदलते, आणि नेमका तोच फरक माझ्याकडून वसूल करण्यात आला.

हे स्कॅनमध्ये का दिसले नाही, याचे कारण यंत्रातच आहे. झाकणाच्या दाबाखाली नोट काचेला चिकटून सपाट होते. स्कॅनरचा दिवा लांब पट्टीसारखा असून तो पुढे सरकत जातो. त्याला समांतर असलेल्या घडीची बारीक सावली पडते, पण दिवा ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेची घडी दोन्ही बाजूंनी सारखी उजळते आणि नाहीशी होते. म्हणून तीच नोट काचेवर नव्वद अंशांत फिरवून केलेला दुसरा स्कॅन अवश्य मागावा. माझ्या विक्रेत्याने दोन्ही बाजू एकाच दिशेने ठेवून स्कॅन केल्या होत्या. शिवाय यंत्रातील ‘पार्श्वभूमी स्वच्छ करा’ किंवा ‘धूळ काढा’ यांसारख्या सोयी मळकट कागद पांढरा करतात आणि बारीक डाग व भोकेही पुसून टाकतात. पांढऱ्या झाकणामुळे भोके तशीही लपतात. मागे काळा कागद ठेवला की ती लगेच दिसतात.

भोकांबाबत येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे बँका नोटांच्या गड्ड्यांना पिना मारत असत आणि रिझर्व्ह बँकेने ही पद्धत 2001 मध्ये थांबवायला सांगितली. त्यामुळे जुन्या करकरीत नोटेलाही पिनांची भोके असतात आणि त्यात लबाडी नसते. लबाडी ती भोके बुजवून किंवा लपवून विकण्यात आहे. बुजवलेले भोक, जोडलेली फाट आणि पातळ झालेला कागद नोट प्रकाशासमोर धरल्यावर उघडे पडतात, म्हणून मागून प्रकाश दिलेले छायाचित्र आणि एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून काढलेले छायाचित्र, दोन्ही मागावीत. अतिनील दिव्याखालचे छायाचित्र मिळाल्यास उत्तम. डिटर्जंटने धुतलेली जुनी नोट त्या प्रकाशात निळसर चमकू शकते, कारण त्यातील उजळपणा आणणारे द्रव्य कागदात राहते. यांपैकी काहीही पाठवायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर स्कॅन कितीही सुंदर असला तरी पैसे पाठवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी पैसे परत मागितले तेव्हा ‘तुम्ही स्कॅन पाहूनच घेतली’ एवढेच उत्तर आले आणि नंतर माझा क्रमांक अडवला गेला. विक्रेत्याचे लेखी आश्वासन, मूळ स्कॅन, व्यवहाराची नोंद आणि तिरप्या प्रकाशातील माझी छायाचित्रे मी एकत्र जपून ठेवली आहेत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो, त्यामुळे व्यापारी परराज्यातला असला तरी नागपूरच्या ग्राहकाला त्याच्या गावी जावे लागत नाही. प्राथमिक मदतीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे आणि ऑनलाइन आर्थिक फसवणुकीची तक्रार 1930 वर तातडीने नोंदवता येते. माझी तक्रार याच कागदपत्रांसह तयार होत आहे.