कूलिंग जॅकेट: दमट हवेत मॅच खेळायला जाणाऱ्या टीमने घ्यावं का?

आमच्या फुटबॉल टीमचं किट माझ्याकडे असतं, म्हणजे बॉल, बिब, बाटल्या, बर्फ आणि सगळ्यांच्या तक्रारी. थंड आणि कोरड्या हवेत वाढलेली पोरं ऐन दमट उकाड्यात दुसऱ्यांच्या मैदानावर जातात आणि साठाव्या मिनिटाला कंबरेवर हात ठेवून उभी राहतात, हे बघून बघून शेवटी यंदा कूलिंग जॅकेटं घेतली. सीझनभर वापरून झाली आहेत, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बरेच जण इथेच फसतात. बाजारात साधारण दोन जाती मिळतात. एक पाण्यात बुडवून, पिळून घालायची, ती स्वस्त आणि हलकी असते. दुसरी खिशांत पॅक घालायची, पॅकमध्ये एक मेणासारखा पदार्थ असतो जो 15 डिग्रीला वगैरे वितळतो आणि वितळताना अंगातली उष्णता खेचून घेतो. दमट हवेत जायचं असेल तर पहिल्या जातीकडे बघूही नका. ती चालते पाणी सुकण्यावर, आणि हवेतच पाणी ठासून भरलेलं असेल तर सुकणार कुठे? कोरड्या उन्हात तीच भारी काम करते, पण दमट ठिकाणी म्हणजे अंगावर ओलं पोतं टाकून फिरल्यासारखं, वर वजन वेगळंच.

घामाचंही तेच आहे ना. धावताना शरीर जी एनर्जी जाळतं त्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त नुसती उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती घालवायचा मुख्य मार्ग घाम. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण सुकला तर! नुसता टपकला तर काही उपयोग नाही, पाणी आणि मीठ गेलं आणि अंग तेवढंच तापलेलं. हाफटाईमला आमचा एक मिडफिल्डर बाकावर वाकून बसला होता, कोपरातून घामाची धार लागलेली, पायाखाली फरशीवर थारोळं, मोजे पिळले तर पाणी निघालं, आणि तरी कपाळ हाताला भाजेल इतकं गरम. हवेचा थर्मामीटर 31 दाखवत होता फक्त! म्हणून नुसतं तापमान बघून "एवढं काही नाहीये" म्हणणाऱ्या कोचचं ऐकू नका, डब्ल्यूबीजीटी बघा, म्हणजे तापमान, दमटपणा आणि ऊन मिळून काढलेला उष्णतेचा आकडा. त्यात ओल्या बल्बच्या तापमानाला (ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर, त्यातून दमटपणा कळतो) 70 टक्के वजन असतं, उन्हाला 20 आणि साध्या थर्मामीटरला फक्त 10. फिफाने कूलिंग ब्रेकसाठी 32 ची रेषा धरली होती ती याच आकड्याची.

आता जॅकेट. वजन दोनेक किलो, मागे चार आणि पुढे चार खिसे, बाजूला वेल्क्रो. वॉर्मअपच्या आधी घालायचं, वॉर्मअप झाला की परत, आणि हाफटाईमला जर्सी काढून डायरेक्ट अंगावर. 15 डिग्री म्हणजे गार लागतं पण चटका बसत नाही, बर्फाचे पॅक लावले की पोरं पाचव्या मिनिटाला काढून फेकतात आणि कातडीखालच्या नसा आखडल्या की आतली उष्णता बाहेर यायलाही त्रास होतो. हे त्या बाबतीत खरंच चांगलं आहे. घातल्यावर चेहऱ्यावरचा लालपणा उतरतो, श्वास खाली येतो, पोरं नीट बोलायला लागतात, कोच काय सांगतोय ते डोक्यात शिरतं. सबस्टिट्यूटना तर नक्की द्या. 2025 च्या क्लब वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला डॉर्टमुंड या जर्मन क्लबचे बदली खेळाडू पहिला हाफ ड्रेसिंग रूममध्ये बसून बघत होते, बेंचवर उन्हात शिजण्यापेक्षा ते बरं. सगळ्यांना तशी सोय मिळत नाही, मग जॅकेट.

आता तक्रारी. कंपनी म्हणते गारवा दोन तास टिकतो. टिकत असेल हो, एसीत बसलेल्या माणसाच्या अंगावर! नुकत्याच धावून आलेल्या पोराच्या अंगावर पॅक अर्ध्या तासाच्या आत मऊ पडतो, अंगठ्याने दाबलं की आत पातळ झालेलं आणि मधे एकदोन गुठळ्या एवढंच उरलेलं कळतं. म्हणून पॅकचे दोन सेट लागतातच, एक अंगावर आणि एक आईसबॉक्समध्ये. चांगली बाजू ही की परत घट्ट व्हायला फ्रीझर लागत नाही, बर्फाच्या पाण्यात टाकले की होतात, आणि पाहुण्या टीमच्या वाट्याला जी ड्रेसिंग रूम येते तिथे फ्रीझर कुठला, फॅन चालू असला तरी नशीब. वेल्क्रो घामाने लवकर कामातून जातं. आमच्या एका जॅकेटची शिवण उसवली तर दुकानदाराने "धुताना काळजी घ्या" म्हणून हात वर केले. रुंद छातीच्या डिफेंडरला आणि सडपातळ विंगरला एकच साईज हा प्रकार तर कोणाच्या डोक्यातून आला काय माहीत, विंगरच्या अंगाला पॅक टेकतच नाही आणि टेकला नाही तर काम शून्य.

आणि मुख्य म्हणजे मॅच सुरू झाली की जॅकेटचा फायदा पहिली वीसपंचवीस मिनिटं, फार तर. त्यानंतर यजमान टीमची जी खरी ताकद आहे ती दिसायला लागते, ती दुकानात मिळत नाही. सवय. उष्णतेत रोज तासदीड तास घाम काढला की पहिल्या चारपाच दिवसांतच रक्तातलं पाणी वाढतं, नाडी खाली येते, मग घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पूर्ण बसायला दहा ते चौदा दिवस. आदल्या रात्री उतरून दुसऱ्या दिवशी खेळणाऱ्या टीमकडे यातलं काहीच नसतं. 2014 च्या वर्ल्ड कपला इंग्लंडची मॅच ब्राझीलमधल्या मनौसला, ॲमेझॉनच्या जंगलात, तर ते लोक आधीच्या कॅम्पमध्ये जास्तीचे कपडे घालून ट्रेनिंग करत होते, उगाच नाही. (इटलीकडून 2-1 हरले ते वेगळं, इटलीलाही तीच हवा होती.) प्रवास परवडत नसेल तर हे तरी करा, घरीच जाड ट्रॅकसूट घालून, फिजिओ समोर उभा असताना, आणि आधी-नंतर वजन करून. 70 किलोच्या पोराचं वजन 1.4 किलोने उतरलं की 2 टक्के गेले, तिथून खेळ ढासळायला लागतो.

खेळ बदलणं हाही फुकटातला उपाय आहे. त्याच 2014 च्या वर्ल्ड कपच्या आकड्यांत दिसलं की जास्त उष्णतेच्या मॅचमध्ये स्प्रिंट कमी झाले पण पास जास्त बिनचूक गेले, म्हणजे मोठे खेळाडूसुद्धा दम राखूनच खेळतात. आमचा कोच मात्र पहिल्या मिनिटापासून हाय प्रेस, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच अर्ध्या मैदानात धावून धावून घेरायचं. जॅकेट काय करणार बिचारं.

एक इशारा. पोरगा बरळायला लागला, तोल जायला लागला तर हे जॅकेट घालून बसवू नका, तो उष्माघात असू शकतो, त्याला ताबडतोब बर्फाच्या पाण्याच्या टबात घालायचं, ॲम्ब्युलन्स बोलवायची, आणि आधी गार करून मगच हलवायचं. टब भरून तयार ठेवणं जॅकेटपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. सगळ्या टीमला घ्यायची गरज नाही, पहिले अकरा आणि बेंचवर दोनतीन, बाकीच्यांना बर्फात भिजवलेले टॉवेल मानेवर पुरतात. जॅकेटसोबत मेंथॉलचा स्प्रे फुकट येतो, तो नवख्या पोरांच्या हाती देऊ नका, त्याने गार वाटतं फक्त, अंग तेवढंच तापलेलं राहतं आणि पोरगं जोशात अजून जोरात पळतं.